व्हेंटिलेटर आला, तारतम्य कुठून आणणार?

बीदरहून हैदराबाद सुमारे दीडशे किलोमीटर. अत्यवस्थ मूल तिकडे न्यायचे, ही इथली रुळलेली वाट. पण ते प्रवास सोसेल इतके आधी इथेच सावरावे लागते, आणि ते नुसत्या व्हेंटिलेटरने होत नाही. शॉकमधल्या १० किलोच्या मुलाच्या छातीवर बोट दाबून उचलले आणि रंग परतायला ३ सेकंदांहून अधिक लागले, तर रक्ताभिसरण मंदावलेले असते. मग १००-२०० मिलिलिटर सलाइन, आणि लगेच बरगडीखाली यकृत चाचपणे; ते वाढू लागले तर थांबायचे. केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या ३,१४१ मुलांवरील 'फीस्ट' चाचणीने २०११ मध्ये दाखवले, की अशा आजारी मुलांना झपाट्याने द्रव दिल्यास मृत्यू वाढतात. तेव्हा द्रव कधी द्यायचा इतकेच नव्हे, तर कधी रोखायचा, हेही शिकावे लागते.

हे तारतम्य बालरोगातील एमडीनंतरची बाल-अतिदक्षतेतील फेलोशिप किंवा तीन वर्षांचे डीएम घडवते. आक्षेप रास्त आहेत: शिकलेला डॉक्टर महानगरातच रमेल, जिल्ह्याला आधी परिचारिका हव्यात. पण बीदर आणि कलबुर्गीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथला एक प्रशिक्षित शिक्षक निवासी डॉक्टर आणि परिचारिका दोघांनाही घडवतो. संविधानाच्या कलम ३७१-जे मुळे बीदर-कलबुर्गीच्या या भागाला शिक्षणात आणि नोकरीत स्थानिक आरक्षण मिळाले. त्याच न्यायाने स्थानिक डॉक्टरला फेलोशिपला पाठवावे, परतल्यावर सेवेची अट घालावी आणि सुसज्ज कक्षही द्यावा. कक्षाविना अट म्हणजे नुसती शिक्षा.