न भेटलेला करसल्लागार आणि आपली ओळख

आमच्या तंजावर शाखेत मागच्या हंगामात एक ज्येष्ठ ठेवीदार आले. पुण्याच्या सनदी लेखापालांनी फोनवर विचारले होते, "पॅन आणि पासबुक एकाच व्यक्तीचे कशावरून?"

शंका रास्त होती. सतराव्या शतकात व्यंकोजी राजांमागोमाग इकडे आलेल्या काही मराठी घराण्यांनी नाव लिहिण्याची रीत इथलीच घेतली : आडनावाऐवजी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर. पॅनला आडनावाच्या जागी आद्याक्षर चालत नाही, तेथे वडिलांचे पूर्ण नाव येते. पासबुकावर मात्र केवळ 'व्ही.' राहतो. ही तफावत राहिल्यास परताव्यासाठी खात्याची पडताळणीही अडू शकते. म्हणून पॅन, आधार व खाते यांवरील नाव आधी एकसारखे करून घ्यावे.

ओळखीसाठी शेवटचे चारच अंक दिसणारे 'मास्क्ड' आधार पाठवावे व प्रतीवर कारण आणि तारीख लिहावी. ओळख उभयपक्षी असते, हे आपण विसरतो. सल्लागार सनदी लेखापाल असल्यास त्यांचा सदस्यता क्रमांक मागून संस्थेकडे पडताळता येतो.

पोर्टलचा पासवर्ड कोणासही देऊ नये. सल्लागारास तेथेच रीतसर अधिकृत करण्याची सोय आहे. विवरणपत्र दाखल झाल्यावर ई-पडताळणीस ३० दिवस मिळतात (ऑगस्ट २०२२ पूर्वी १२० होते). त्यासाठीचा आधार ओटीपी ही आपली सहीच होय.

त्या ठेवीदारांनी खात्यावरील नाव दुरुस्त करून घेतले. ओटीपी मात्र, विवरणपत्र दोनदा वाचून, स्वतःच भरला.