विश्लेषण : शेराच नसलेला दाखला… अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणातून घरी पाठवलेल्या जवानांची फेरविचाराची मागणी कशी तपासली जाते?

आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो आणि त्यापुढे बहुतेक वेळा ‘चांगली’ लिहिलेले असते. अमेरिकेत लष्कराची सक्रिय सेवा सोडणाऱ्या प्रत्येकाला असाच एक कागद मिळतो, पण तिथला रकाना इतका उदार नसतो. प्रशिक्षणाच्या सुरुवातीलाच ज्यांना घरी पाठवले जाते, त्यांच्या दाखल्यावर चांगला नाही आणि वाईटही नाही, असा कोणताच शेरा नसतो. हा रिकामा शेरा बदलून ‘मानाची सेवामुक्ती’ मिळावी यासाठी असे तरुण अर्ज करतात. बहुतेकांच्या पदरी निराशा येते. ती का, आणि कोणाला यश मिळते?

हा दाखला नेमका काय असतो?

कागदाचे नाव ‘डीडी-२१४’. १९५० पासून तो वापरात आहे. किती काळ सेवा झाली, कोणते प्रशिक्षण घेतले, कोणती पदके मिळाली हे त्यावर असते. पण नोकरी देणारा, बँकेचा अधिकारी किंवा पोलीस भरतीचा कारकून पाहतो त्या ओळी तीन-चारच : सेवामुक्तीचा शेरा, तिचे कारण आणि पुन्हा भरतीसाठीचा संकेतांक.

शेऱ्याच्या पायऱ्या अशा. सर्वात वर ‘ऑनरेबल’, म्हणजे मानाची सेवामुक्ती. तिच्या खाली ‘जनरल’, मग ‘अदर दॅन ऑनरेबल’. या तिन्ही प्रशासकीय पातळीवर दिल्या जातात. ‘बॅड कंडक्ट’ आणि ‘डिसऑनरेबल’ या दोन्ही शिक्षा आहेत. त्या फक्त लष्करी न्यायालयच देऊ शकते. या उतरंडीच्या बाहेर ‘अनकॅरॅक्टराइज्ड’ ही वेगळी नोंद आहे. सेवेच्या अगदी सुरुवातीच्या काळात बाहेर पडणाऱ्याला ती मिळते. अनेक वर्षे हा काळ पहिल्या १८० दिवसांचा होता. तर्क साधा आहे : इतक्या कमी दिवसांत माणसाच्या सेवेचे मोजमाप करता येत नाही, म्हणून ते करायचेच नाही.

मग शेरा नसण्यात वाईट काय?

कागदोपत्री काहीच नाही. लष्कराची भूमिकाही तीच की ही शिक्षा नव्हे. माजी सैनिकांचे खातेसुद्धा अशा सेवामुक्तीला बेअब्रूची मानत नाही. पण लोक ‘अनकॅरॅक्टराइज्ड’ वाचतात आणि ‘ऑनरेबल नाही’ एवढेच लक्षात ठेवतात. पोलीस, अग्निशमन दल, सुरक्षा कंपन्या, सरकारी नोकऱ्या अशा ठिकाणी दाखल्याची पूर्ण प्रत मागितली जाते. तिथे हा शब्द समजावून सांगण्याची वेळ येते.

खरा काटा बहुतेकदा शेऱ्यात नसून त्याच्या शेजारच्या कारणाच्या ओळीत असतो. ‘प्रवेशकालीन कामगिरी व वर्तन’ हे कारण त्यातल्या त्यात मवाळ. ‘फसवणुकीने भरती’ किंवा ‘व्यक्तिमत्त्व विकार’ असे लिहिले असेल, तर तो कागद कपाटात ठेवून देण्याकडेच माणसाचा कल असतो. संकेतांकाचेही तसेच. आरई-१ असेल तर पुन्हा भरती खुली, आरई-३ असेल तर विशेष सूट मिळवून शक्य, आरई-४ असेल तर दार जवळपास बंद. अठराव्या वर्षी घरी परतलेल्या आणि विसाव्या वर्षी पुन्हा प्रयत्न करू पाहणाऱ्या तरुणासाठी हा एक आकडाच निर्णायक असतो.

फेरविचार करणारी मंडळे आली कुठून?

यामागे एक जुना अन्याय आहे. ऑगस्ट १९०६ मध्ये टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल गावात रात्री गोळीबार झाला आणि एक जण ठार झाला. संशय जवळच्या तळावरील २५व्या पायदळ रेजिमेंटच्या कृष्णवर्णीय जवानांवर आला. खटला चालला नाही. कोणी कबुली दिली नाही. तरीही राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ जवानांना सन्मानाशिवाय घरी पाठवले. ही चूक दुरुस्त व्हायला १९७२ उजाडले. तोवर त्यातले जवळपास सगळे वारले होते. हयात असलेल्या डॉर्सी विलिस यांना नंतर २५ हजार डॉलर देण्यात आले. मधली अनेक दशके त्यांनी मिनियापोलिसमध्ये केशकर्तनालयात लोकांचे बूट पॉलिश करून काढली होती.

दुसऱ्या महायुद्धात ‘ब्लू डिस्चार्ज’ नावाचा प्रकार सर्रास वापरला गेला. निळ्या कागदावरची ही सेवामुक्ती मानाची नव्हती आणि बेअब्रूचीही नव्हती. ती कृष्णवर्णीय आणि समलिंगी जवानांच्या हाती प्रमाणाबाहेर ठेवली गेली. नियमाप्रमाणे ती तटस्थ होती, पण प्रत्यक्षात निळा कागद पाहून नोकरी नाकारली जात होती आणि सवलतीही नाकारल्या जात होत्या. कृष्णवर्णीयांच्या ‘पिट्सबर्ग कुरियर’ या वृत्तपत्राने त्याविरुद्ध मोहीम चालवली. १९४७ मध्ये हा प्रकार बंद झाला. आजच्या ‘शेरा नाही’ या नोंदीबद्दलची तक्रार ऐकताना हा निळा कागद आठवल्याशिवाय राहत नाही. अर्थात, दोन्हींमागचा हेतू एक नाही.

१९४४च्या प्रसिद्ध ‘जीआय बिल’ कायद्याने सेवामुक्ती फेरविचार मंडळांची तरतूद केली. १९४६ मध्ये लष्करी नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळांचा पाया घातला गेला. आज प्रत्येक दलाची स्वतंत्र व्यवस्था आहे. मरीन जवानांचे अर्ज नौदलाच्या मंडळाकडे जातात.

अर्ज कुठे आणि किती काळात करायचा?

सेवामुक्तीला १५ वर्षे झाली नसतील तर ‘डीडी-२९३’ हा अर्ज फेरविचार मंडळाकडे. त्यानंतर ‘डीडी-१४९’ हा अर्ज नोंद-दुरुस्ती मंडळाकडे. दुसऱ्या मंडळाची मुदत चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची आहे, पण न्यायाच्या दृष्टीने गरज वाटल्यास मंडळ ती माफ करू शकते. अर्जाला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. फेरविचार मंडळापुढे केवळ कागदपत्रांवर निर्णय मागता येतो किंवा सुनावणी मागता येते. आधी कागदांवर निर्णय मागितला आणि तो विरोधात गेला, तर सुनावणीची संधी शिल्लक राहते. उलट क्रमाने गेले तर ती सोय नाही. जाणकार सल्लागार हा क्रम आवर्जून सांगतात. आणखी एक दिलासा असा की मंडळ आहे तो शेरा खाली आणू शकत नाही.

प्रशिक्षणार्थीच्या अर्जाकडे मंडळ कसे पाहते?

समजा, एक १९ वर्षांचा मुलगा आहे. सॅन दिएगो येथे मरीन दलाचे १३ आठवड्यांचे प्रशिक्षण सुरू आहे. पाचव्या आठवड्यात धावताना त्याला धाप लागते, दवाखान्यात चौकशी होते आणि लहानपणी दम्यासाठी इनहेलर वापरल्याचे निघते. भरतीच्या अर्जावर त्याने ‘दमा नाही’ असे लिहिलेले असते. कारण लिहिले जाते ‘फसवणुकीने भरती’, शेरा कोरा, संकेतांक प्रतिकूल. तीन वर्षांनी तो अर्ज करतो : भरती अधिकाऱ्यानेच ‘ते लिहू नकोस’ असे सांगितले होते.

ही कहाणी काल्पनिक आहे, पण मंडळांच्या निर्णयांत तिची भावंडे सतत भेटतात.

मंडळ दोनच प्रश्न विचारते. पहिला, कार्यवाही नियमानुसार झाली का? नोटीस दिली होती का, बाजू मांडण्याची संधी होती का, योग्य कलम लावले का? दुसरा, नियमानुसार झाली असली तरी ती न्याय्य होती का? दोन्ही प्रश्नांच्या आधी एक गृहीतक उभे असते : सरकारी काम रीतसर झाले असेच मानायचे. ते खोटे ठरवण्याचे ओझे अर्जदारावर. ‘भरती अधिकारी म्हणाला’ हे वाक्य पुराव्याशिवाय इथेच आपटते. त्या वेळचे मोबाइल संदेश, सोबत गेलेल्या आई-वडिलांचे किंवा मित्राचे शपथपत्र, त्याच अधिकाऱ्यावर नंतर झालेली कारवाई असे काही असेल, तर चित्र बदलते.

या मुलाने खरे तर वेगळा मुद्दा धरायला हवा. दमा कोणत्या वयापर्यंत होता, डॉक्टरांनी तसे निदान केले होते की सर्दीसाठी तात्पुरते औषध दिले होते? निदानच नसेल तर लपवले काय? अशा वेळी शेरा तोच राहून कारणाची ओळ बदलण्याची शक्यता बरीच वाढते. त्याच्या आयुष्यात फरक त्या ओळीनेच पडणार असतो. अर्जात मात्र बहुतेक जण फक्त ‘ऑनरेबल करा’ एवढेच मागतात.

कारण शेरा बदलण्याची अट कडक आहे. सुरुवातीच्या काळात बाहेर पडणाऱ्याला ‘ऑनरेबल’ द्यायचे तर वैयक्तिक वर्तन आणि कामगिरीत काही असामान्य घडलेले असावे लागते, आणि त्याला त्या दलाच्या सचिव पातळीवर मंजुरी लागते. आठ आठवडे मन लावून कवायत केली, शिक्षा झाली नाही, हे कौतुकास्पद असले तरी असामान्य नाही. नंतरचे चांगले वर्तन, पदवी, स्थिर नोकरी, समाजकार्य यांचे वजन शिस्तभंगाच्या प्रकरणांत पडते. तिथे पुसायला वाईट शेरा असतो. इथे मंडळ विचारते, पुसायचे काय?

मार्च २०२२ पासून भरती केंद्रांवर उमेदवारांचे वैद्यकीय इतिहास तपासणारी ‘जेनेसिस’ संगणक प्रणाली वापरली जाऊ लागली. त्यामुळे लपवलेले आजार प्रशिक्षणात नव्हे तर भरतीच्या दारातच उघड होऊ लागले आहेत.

कोणाच्या अर्जाला अलीकडे बळ मिळाले?

सप्टेंबर २०१४ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री चक हेगल यांनी मंडळांना निर्देश दिले की, युद्धाच्या मानसिक आघाताची प्रकरणे उदारपणे पाहावीत. ऑगस्ट २०१७ मध्ये ही सूचना लैंगिक अत्याचार व छळ झालेल्यांनाही स्पष्टपणे लागू झाली. जुलै २०१८ मध्ये दया आणि न्याय्यता यांचे निकष आले. प्रशिक्षणार्थींच्या बाबतीत यातली दुसरी सूचना सर्वात महत्त्वाची. अत्याचाराची तक्रार करणाऱ्या जवानांवर ‘व्यक्तिमत्त्व विकार’ असा शिक्का मारून त्यांना बाहेर काढल्याची प्रकरणे ह्युमन राइट्स वॉचने २०१६ च्या अहवालात मांडली होती. अशा अर्जदाराला आज उपचारांच्या नोंदी, समुपदेशकाचे पत्र, त्या काळात घरी लिहिलेली पत्रेही पुरावा म्हणून देता येतात.

समलिंगी असल्यामुळे काढलेल्यांचा प्रश्न तर धोरणानेच सोडवला. २०११ मध्ये बंदी उठली आणि त्यांचे अर्ज मान्य करण्याचे निर्देश निघाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये संरक्षण खात्याने अर्जाची वाट न पाहता ८०० हून अधिक जणांचे दाखले सुधारल्याचे जाहीर केले.

दाखला बदलला तर काय मिळते?

इथे गैरसमजांचे पीक आहे. पहिला : ‘सहा महिने थांबा, शेरा आपोआप ऑनरेबल होतो.’ असे काहीही होत नाही. दुसरा : ‘शेरा बदलला की शिक्षण-शुल्क, घरकर्ज, सगळे मिळते.’ माजी सैनिकांच्या बहुतांश सवलतींना साधारण २४ महिन्यांची सलग सेवा लागते. सेवेमुळे आलेले अपंगत्व हा त्यातला मोठा अपवाद. नऊ आठवड्यांत घरी आलेल्याचा शेरा सोन्याच्या अक्षरांत लिहिला तरी दिवस वाढत नाहीत. प्रशिक्षणात गुडघा कायमचा निकामी झाला असेल, तर शेऱ्यामागे धावण्याऐवजी अपंगत्वाचा दावा आधी करणे शहाणपणाचे.

भारतीयांचा याच्याशी संबंध काय?

बराच, आणि तो नागरिकत्वाचा आहे. २००८ च्या अखेरीस मंजूर झालेल्या ‘मावनी’ योजनेत डॉक्टर, परिचारिका आणि विशिष्ट भाषा जाणणाऱ्या परदेशी नागरिकांना ग्रीन कार्ड नसतानाही अमेरिकी लष्करात घेतले जात होते. बदल्यात नागरिकत्वाचा जलद मार्ग खुला होत होता. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या अनेक भारतीयांनी तो पकडला. दहा हजारांहून अधिक भरती झाल्यावर २०१६ मध्ये योजना थांबली. वाढीव सुरक्षा तपासणीत शेकडो जण अडकले. व्हिसाची मुदत संपत होती आणि प्रशिक्षणाचे बोलावणे येत नव्हते. २०१८ मध्ये त्यांच्यापैकी काहींना कारण न सांगता शेराविना काढल्याचे उघड झाले.

लष्करी सेवेच्या आधारे नागरिकत्व मिळवायचे तर सेवामुक्ती मानाची असावी लागते. तिथे हा कोरा रकाना तटस्थ राहत नाही, थेट अर्जाच्या आड येतो. प्रकरण वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयात गेले, तेव्हा दावा करणाऱ्या एका स्थलांतरित जवानाची सेवामुक्ती लष्कराने मागे घेतली आणि अशा कारवाया थांबवल्या.

भारतात काय व्यवस्था आहे?

आपल्याकडे १९५४ च्या आर्मी रूल्समधील नियम १३ मध्ये, शपथ होण्याआधीच्या जवानाला ‘सक्षम सैनिक होण्याची शक्यता नाही’ या कारणाने घरी पाठवण्याची तरतूद आहे. दाद मागायची तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. ते २००९ पासून काम करते आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. फेरविचारासाठी अमेरिकेसारखे वेगळे नागरी मंडळ नाही. खडकवासल्याच्या एनडीएसारख्या संस्थांत प्रशिक्षण घेताना जायबंदी होऊन बाहेर पडलेल्या कॅडेटना तर माजी सैनिकाचा दर्जाही मिळत नाही, कारण दुखापत झाली तेव्हा ते अधिकारी झालेले नसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्याच महिन्यात केंद्राने अशा कॅडेटना माजी सैनिकांच्या ‘ईसीएचएस’ वैद्यकीय योजनेत सामावून घेण्यास मंजुरी दिली.