पाळीआधीचे अवघड दिवस

‘पाळी जवळ आली की घरात भांडण ठरलेलेच,’ असे पिंप्राळ्याच्या अनेक भगिनी मला सांगतात. हा स्वभावदोष नव्हे. संप्रेरकांतील नेहमीच्या चढउताराला काहींचा मेंदू तीव्र प्रतिसाद देतो. २०१३ साली अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणात या तीव्र त्रासाला स्वतंत्र आजाराचे स्थान मिळाले.

दुधाचा हिशेब लिहितो त्याच कॅलेंडरवर दोन महिने रोजची मनःस्थिती लिहा. पाळी आल्यावर त्रास ओसरत नसेल, तर कारण वेगळे असू शकते. सौम्य त्रासाला व्यायाम व पुरेशी झोप उपयोगी पडते. तीव्र असल्यास फ्लुऑक्सेटिन पाळीआधीचे १४ दिवसच घेऊनही चालते. मात्र मळमळ संभवते. काही गर्भनिरोधक गोळ्याही चालतात, पण रक्तदाब किंवा अर्धशिशी असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. जीव नकोसा वाटला, तर पाळीची वाट न पाहता १४४१६ वर मोफत फोन करावा.