सोनेरी कल्हई

माझं शिक्षण बी.ए.चं. लेथशी ओळख झाली ती भाच्यामुळे. भोसरीत त्याचं दोन लेथचं वर्कशॉप आहे. एकदा मी तिथे चहा घेत असताना 'टच्' असा आवाज झाला. पाणी दिलेल्या पोलादाचा शाफ्ट शेवटच्या फेरीत ओरखडला, वाया गेला. "मामू, टिपेचे पैसे वाचवायला गेलो आणि शाफ्ट घालवून बसलो," तो म्हणाला.

ती टिप त्याने माझ्या तळहातावर ठेवली. सोनेरी, शंकरपाळ्याएवढी. आत टंगस्टन कार्बाइड, कोबाल्टने बांधलेलं. वर लेप; तोही एक नाही, तीन. मला आमच्या घरची पितळी भांडी आठवली. कल्हई उडाली की आमटी कळकायची.

तीन थर कशाला? कठीण पोलाद कापताना सगळा दाब आणि उष्णता धारेजवळच्या चिमूटभर जागेत एकवटते. तापमान ८०० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकतं. तिथली सगळी कामं एकच पदार्थ करू शकत नाही. म्हणून खाली टायटॅनियम कार्बोनायट्राइड, ते घासणं सोसतं. मध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइड, ते उष्णता अडवतं. वर सोनेरी टायटॅनियम नायट्राइड. एका थरातला तडा दुसऱ्याच्या सीमेवर वळतो, सहसा सरळ आत जात नाही. सगळे मिळून साधारण ५ ते २० मायक्रॉन. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो! पण जाड लेप म्हणजे चांगला लेप, असंही नाही. जाडीने धार गोलसर होते, म्हणून नाजूक कामाला पातळ लेपच बरा.

लेप झिजला की आतलं कार्बाइड उघडं पडतं आणि धार झपाट्याने जाते. तरीही टिप कापत राहते, आणि धोका तिथेच आहे. बोथट धार पोलादाचा पृष्ठभाग इतका तापवते की त्यावर एक अतिकठीण, ठिसूळ थर तयार होऊ शकतो. जॉब वरून चकचकीत दिसतो, मापातही बसतो. तडा मात्र पुढे गाडीत बसल्यावर, तिथूनच जाऊ शकतो.

सोनेरी रंगाचा मोठा उपयोग हाच की, कोणती धार वापरली गेली आहे हे एका नजरेत कळतं. भाच्याने आता भिंतीवर खडूने लिहिलंय, एका धारेला किती जॉब. तो आकडा झाला की टिप फिरवायची. ती अजून कापतेय का, हे विचारायचं नाही.