गालिचे जमिनीवर अंथरले तेव्हा

१९२३ साली जर्मनीतल्या वायमार शहरात बाउहाउस या कलाशाळेनं भरवलेल्या प्रदर्शनाबद्दल वास्तुकलेच्या पुस्तकांत पानंच्या पानं सापडतात. ग्रोपियस, कांडिन्स्की, क्ले ही मोठी नावं त्यांत हमखास येतात. मला लिहायचं आहे ते तिथल्या विणकर मुलींविषयी. आपलं काम लोकांपुढे कसं मांडावं, याचं त्यांनी दिलेलं उत्तर मला आजही पटतं.

प्रदर्शन हौसेचं नव्हतं. थुरिंगिया राज्याचा पैसा शाळेत गुंतला होता आणि चार वर्षांत काय केलं ते दाखवा, असा सरकारचा तगादा होता. संचालक वॉल्टर ग्रोपियस यांना इतक्या लवकर प्रदर्शन नको होतं, पण इलाज नव्हता. १५ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर अशा तारखा ठरल्या आणि सगळे विभाग कामाला लागले.

विणकाम विभाग जवळजवळ सगळा मुलींचा, आणि त्यामागचं कारण कडू आहे. १९१९ मध्ये शाळा निघाली तेव्हा स्त्री-पुरुष असा भेद न करता प्रवेश मिळेल, असं जाहीर झालं होतं. पहिल्याच सत्रात ८४ मुली आणि ७९ मुलगे दाखल झाले. इतक्या मुली पाहून चालक बिचकले आणि पुढे बहुतेकींना मागाकडे वळवलं गेलं. १९२२ मध्ये आलेल्या अ‍ॅनी आल्बर्सना काचेवर काम करायचं होतं. त्यांच्याही वाट्याला विणकामच आलं.

शिकवणी म्हणावी तर तीही अपुरी. सुरुवातीचे माग हेलेने ब्योर्नर या हस्तकला शिक्षिकेच्या मालकीचे होते. विभागावर नेमलेले गेओर्ग मूखे हे चित्रकार. विणकाम त्यांचं नव्हे. ताणा कसा लावायचा, धागा कुठे तुटतो, हे मुली एकमेकींकडून आणि चुकतमाकत शिकल्या. युद्धात परिचारिका म्हणून राबलेली गुंटा श्टोल्त्सल आणि तिची मैत्रीण बेनिटा ओटे १९२२ मध्ये क्रेफेल्ड या कापडनगरीत जाऊन रंगाई शिकून आल्या आणि वायमारचं रंगघर त्यांनी पुन्हा चालू केलं. स्वतःचे रंग हाताशी आल्याशिवाय विणकर खऱ्या अर्थानं मोकळा होत नाही, असं मला वाटतं.

या मुलींची पहिली कामं म्हणजे लोकरीतली चित्रंच. येवल्यात पैठणीच्या पदराला रंगागणिक वेगळी तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी कांडी, लागते आणि बाण्याचा आडवा धागा आपल्या रंगाच्या हद्दीतूनच मागे फिरतो. युरोपातल्या गोब्लँ विणकामाची रीतही तीच, आणि या लोकरी चित्रांचीही. अशी कामं भिंतीवर टांगली की लोक त्यांना चित्राच्या मापानं मोजतात. मग ती तैलचित्रापुढे उगाच धाकटी ठरतात.

या प्रदर्शनासाठी मूखे यांनी ‘हाउस आम होर्न’ नावाचं नमुन्याचं घर आखलं. चौकोनी नकाशा, मधोमध बैठकीची खोली, तिला उंचावरच्या खिडक्यांतून उजेड, आणि भोवती लहान खोल्या. घरातलं सामान शाळेच्या कार्यशाळांतून आलं. बैठकीच्या खोलीतला गालिचा मार्था एर्प्सचा, मुलांच्या खोलीतला रंगीत चौकोनांचा गालिचा बेनिटा ओटेचा. त्याच खोलीचं फर्निचर केलं आल्मा बुशर हिनं. तीही मूळची विणकाम विभागातली, तिथून लाकडी शिल्पकामाकडे गेलेली. मुलांना ओढता येतील, रचता येतील अशा मोठ्या रंगीत पेट्या तिनं करून घेतल्या. इथे गालिच्यापुढे उभं राहून मान वर करायची नव्हती. त्यावरून चालायचं, त्याच्या शेजारी बसायचं, पोरांना त्यावर लोळू द्यायचं. कापड वापरात दिसतं तेव्हाच त्याचा पोत, वजन, ऊब कळते, आणि विणकराची खरी कसोटी मला तिथेच दिसते.

काळ भयंकर होता. जर्मनीचं चलन मार्क रोज कोसळत होतं. त्याच ऑगस्टमध्ये हर्बर्ट बायर हा विद्यार्थी थुरिंगियाच्या दहा-दहा लाखांच्या नोटांची रचना करत होता. तरीही सुमारे १५,००० लोक प्रदर्शनाला आले. राजकारणानं मात्र शाळेला वायमारमध्ये टिकू दिलं नाही. सरकार बदललं, अनुदान कापलं गेलं आणि १९२५ मध्ये बाउहाउस डेसाउ शहरात गेलं.

तिथे १९२७ मध्ये श्टोल्त्सल विणकाम विभागाची प्रमुख झाली. ज्या विभागात मुलींना बाजूला सारलं होतं, तो शाळेच्या सर्वांत यशस्वी विभागांपैकी एक ठरला. अ‍ॅनी आल्बर्स नाझी राजवटीत अमेरिकेला गेल्या. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. तिथे एकट्या विणकराला असा मान पहिल्यांदाच मिळत होता. त्या प्रदर्शनात भिंतीवरच्या कामांबरोबरच खोली विभागणारे, छतापासून मोकळे लोंबणारे विणलेले पडदेही होते.