सॉमरसेटची अडीचशे वर्षं

22 जून 2022 ला सॉमरसेट खटल्याच्या निकालाला अडीचशे वर्षं झाली, तेव्हा आमचं बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धांच्या तयारीत बुडालं होतं. पुढच्याच वर्षी, 5 सप्टेंबरला, महापालिकेने पैसे संपल्याची, म्हणजे कलम 114 ची, नोटीस काढून हात वर केले. मग कलासंस्थांचं अनुदान आधी निम्मं केलं, नंतर पार बंद. त्या निकालाची आठवण जागवायला आधी सवड नव्हती, मग पैसा नव्हता, हे मला अजून झोंबतं.

जेम्स सॉमरसेट या गुलामाला त्याचा मालक चार्ल्स स्टुअर्ट याने 1769 मध्ये इंग्लंडला आणलं. तो पळाला, सापडला, बेड्या घालून जमैकाला निघालेल्या जहाजावर कोंडला गेला. त्याच्या धर्ममातापित्यांनी कोर्टात धाव घेतली, गुलामगिरीविरोधक ग्रॅनव्हिल शार्प पाठीशी उभे राहिले. त्याला जबरदस्तीने परदेशी नेता येणार नाही, असं न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्डनी ठरवलं. तेवढंच. वेस्ट इंडीजच्या मळ्यांत माणसं आणखी सहासष्ट वर्षं राबली.

सॉमरसेट पकडला गेला त्याच महिन्यात, नोव्हेंबर 1771 मध्ये, 'एरिसेस बर्मिंगहॅम गॅझेट'ने लिचफील्डच्या एका लिलावाची जाहिरात छापली. विकायला होता दहा-अकरा वर्षांचा आफ्रिकी मुलगा. माणसांच्या बदल्यात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बंदुका जात, त्याही बर्मिंगहॅमच्याच. त्याच वृत्तपत्रात 1790 मध्ये ओलाउडा इक्वियानोने, स्वतः गुलामी भोगलेल्या माणसाने, बर्मिंगहॅमकरांचे जाहीर आभार मानले. नंतर गुलामगिरीविरुद्ध इथले जोसेफ स्टर्ज लढले, फाइव्ह वेजला त्यांचा पुतळा झाला. पुढची दीडशे वर्षं मी ओलांडते.

कारण 2007 मी पाहिलंय. गुलामांच्या व्यापारावर बंदी येऊन दोनशे वर्षं झाली होती. स्टर्जचा पुतळा दुरुस्त झाला, संग्रहालयात इक्वियानोवर मोठं प्रदर्शन भरलं. त्या वर्षी आणि नंतर काही वर्षं या विषयावर व्याख्यानं होत, शाळांच्या सहली येत, लोक एकमेकांशी बोलत. मी आमच्या मंडळातली मुलं प्रदर्शनाला नेली, तर एक जाणते गृहस्थ म्हणाले, "ताई, हा आपला विषय नव्हे." तेव्हा मी गप्प राहिले नाही, आजही राहणार नाही. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली. आपला विषय नव्हता, तर पुण्यात बसून त्यांनी ते का केलं?

आणि आता मुलांना न्यायचं कुठे? 1771 ची ती जाहिरात आणि 1790 चं ते आभारपत्र एका काचेखाली शेजारी शेजारी मांडायला कितीसा खर्च येतो? ती दोन्ही मांडा, ही मागणी मी दर वर्षी करते. या जूनमध्येही करणार आहे.