अलेक्साच्या लेखी तुमचं फाटक म्हणजे एक दिवा
बोलतं घर : लेखांक 9

गीझर आणि पाण्याच्या पंपानंतर आवाजावर चालवायची तिसरी वस्तू कोणती, तर नाशिकमध्ये त्याचं उत्तर ठरलेलं आहे: फाटक. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोडच्या रो-हाउसेसमध्ये राहणाऱ्यांना कारण सांगायला नको. जुलैच्या पावसात गाडी रस्त्यावर उभी करायची, उतरून गेट ढकलायचं, गाडी आत घ्यायची, पुन्हा भिजत येऊन गेट लावायचं, आणि तेवढ्या वेळात मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून आपली इज्जत काढणार. म्हणून गेटला मोटार बसते. मोटार बसली की रिमोट येतो. आणि हॉलमध्ये अलेक्सा किंवा गूगलचा स्पीकर आधीच असेल, तर घरातलं कुणीतरी म्हणतंच, 'हेही बोलून उघडता येईल की!'

येतं. काम सोपं आहे, तासाभराचं आहे, महागही नाही. सोपं आहे हीच अडचण आहे.

हा सगळा संसार मुळात अमेरिकन गॅरेजसाठी मांडला गेला. सी. जी. जॉन्सन या गृहस्थाने 1921 मध्ये वर सरकणारं गॅरेजचं दार बनवलं आणि 1926 मध्ये त्याला विजेची मोटार जोडली. तिथे गॅरेज ही घराचीच एक खोली असते, तिचं दार उघडलं की माणूस थेट स्वयंपाकघरात. त्यामुळे अलेक्सा आणि गूगल असिस्टंट या दोघांच्याही यादीत 'गॅरेज डोअर' असा वेगळा प्रकार आहे आणि त्याला वेगळे नियम आहेत. उघडायला सांगितलं तर अलेक्सा चार आकडी पिन विचारते, बंद करायला विचारत नाही. पिन मोठ्याने बोलायचा, म्हणजे सोफ्यावरच्या पाहुण्यालाही तो कळणार, हे खरं. पण निदान काहीतरी अडसर आहे.

आपल्या गेटला हा अडसर लागू होत नाही. का, ते समजायला मोटारीचं झाकण उघडून बघू.

सरकत्या गेटच्या खालच्या बाजूला दातेरी पट्टी असते, मोटारीचं दातेरी चाक तिच्यात अडकून गेट ओढतं. बारा फुटी गेटला वीसेक सेकंद लागतात. पट्टीच्या दोन्ही टोकांना चुंबक किंवा लोखंडी पट्टी असते. ती मोटारीजवळ आली की लिमिट स्विच दबतो आणि मोटार थांबते. झाकणाखाली एक कंट्रोल बोर्ड, त्यावर रिमोटचा रिसीव्हर, हिरव्या टर्मिनलांची एक ओळ, आणि दोन पावसाळे उलटले असतील तर मुंग्यांचं वारूळ. पालही निघते. बोर्ड जळण्याचं कारण विजेत शोधण्याआधी तिथे शोधावं.

त्या हिरव्या ओळीत 'कॉमन' आणि 'स्टार्ट' अशी दोन टर्मिनलं असतात, कुठे त्यांना 'पुश बटण' म्हटलेलं असतं. या दोघांना क्षणभर एकमेकांना चिकटवलं की गेट हलतं. भिंतीवरचं बटण एवढंच करतं. आवाजावर चालवायचं म्हणजे तिथे एक छोटा वायफाय रिले जोडायचा, जो फोनवरून किंवा स्पीकरवरून हुकूम आला की अर्धा सेकंद त्या दोन तारा जुळवून सोडून देईल. बसवणारे याला 'ड्राय कॉन्टॅक्ट' म्हणतात आणि अर्ध्या सेकंदाच्या सेटिंगला 'इंचिंग'. इंचिंग करायचं राहिलं तर रिले चिकटूनच राहतो, बोर्डाला वाटतं कुणीतरी बटण दाबून धरलंय, आणि पुष्कळदा मग रिमोटही चालेनासा होतो.

आता मुद्द्याचं. हा रिले ॲपमध्ये येतो तो 'स्विच' म्हणून. पंख्याचा, दिव्याचा, माशांच्या टाकीचा असतो तसाच. अलेक्साला त्याच्या पलीकडे अडीचशे किलोचं लोखंड आहे याची गंधवार्ता नसते. तिच्या लेखी तो एक दिवा, आणि दिवा लावायला कोणी पिन विचारत नाही. अमेरिकन घरासाठी जी खबरदारी घेतली होती, ती आपल्या फाटकापर्यंत पोचतच नाही. बसवणारा मुलगा 'झालं काका, बोलून बघा' म्हणतो, काका बोलतात, गेट उघडतं, सगळे टाळ्या वाजवतात. हॉलची खिडकी रस्त्याकडे उघडी असेल तर खिडकीत उभं राहून कोणीही बोलून बघू शकतो, हे टाळ्यांच्या आवाजात राहून जातं.

तज्ज्ञांनी तर बोलायचीही गरज ठेवलेली नाही. 2019 मध्ये मिशिगन विद्यापीठ आणि टोकियोच्या युनिव्हर्सिटी ऑफ इलेक्ट्रो-कम्युनिकेशन्सच्या संशोधकांनी लेझरचा झोत स्पीकरच्या माइकवर टाकला. प्रकाशाची तीव्रता आवाजाच्या लहरींसारखी कमीजास्त केली की माइकला तो आवाजच वाटतो. एका लांब बोळातून 110 मीटरवरून हे जमलं, दुसऱ्या प्रयोगात घंटाघराच्या मनोऱ्यावरून समोरच्या इमारतीतल्या स्पीकरला हुकूम दिला गेला. गॅरेजचं दार उघडणं हेही त्यांनी दाखवलेल्या गोष्टींपैकी एक. नाशिकच्या चोराला लेझरची यातायात करायचं कारण नाही, पण स्पीकर खिडकीसमोर ठेवू नये एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

न्यायाने सांगायचं तर रिमोट तरी कुठे सोवळा आहे? स्वस्त मोटारींबरोबर येणारे 433 मेगाहर्ट्झचे बरेच रिमोट दर वेळी तोच एक ठरलेला कोड पाठवतात. असा रिमोट दुकानात नेला की काउंटरवरच त्याची दुसरी प्रत करून मिळते, पावती मागायचीही गरज पडत नाही. सॅमी कामकार या अमेरिकन हॅकरने 2015 मध्ये मॅटेल कंपनीच्या मुलींच्या एका खेळण्यात थोडे बदल करून ठरलेल्या कोडची गॅरेजं दहा सेकंदांच्या आत उघडून दाखवली आणि त्या खेळण्याला नाव दिलं 'ओपनसेसमी'. मोटार घेताना 'रोलिंग कोड' आहे का हा प्रश्न म्हणूनच विचारायचा. त्यात प्रत्येक दाबण्याला कोड बदलतो आणि साध्या दुकानी नकलेला तो दाद देत नाही.

दुसरी गोम अर्ध्या सेकंदाच्या त्या ठोक्यातच आहे. आपल्याकडच्या बहुतेक बोर्डांवर एकच ठोका उघडतो, तोच थांबवतो, तोच बंद करतो. रिलेला गेट कुठे आहे हे ठाऊक नसतं. रात्री पांघरुणातून तुम्ही 'गेट बंद कर' म्हणालात, गेट आधीच बंद होतं, रिलेने ठोका दिला, झालं, गेट सताड उघडं. तुम्ही निर्धास्त झोपलात. याला उपाय म्हणजे चुंबकाचा एक साधा सेन्सर, कपाटाच्या दाराला बसतो तसा, जो गेट खरोखर लागलं आहे की नाही ते सांगेल, आणि रिले असा की जो आधी सेन्सरला विचारेल आणि मग ठोका देईल. 'गॅरेज कंट्रोलर' म्हणून मिळणाऱ्या यंत्रात हे दोन्ही एकत्र असतं, आणि त्यातली बरीच अलेक्सासमोर गॅरेज म्हणूनच हजर होतात, त्यामुळे पिनही परत मिळतो. साध्या रिलेपेक्षा जास्त पैसे पडतात. ते द्यावेत.

तिसरी गोष्ट मात्र फक्त इथे राहणाऱ्यालाच सुचेल. वीज गेली आणि परत आली की रिलेने कोणत्या स्थितीत जागं व्हायचं, याचं एक सेटिंग असतं. ते 'ऑन'वर राहिलं असेल तर पहाटे तीनला लाइट आल्या आल्या तुमचं गेट आपणहून उघडेल. ज्या देशात वीज जातच नाही तिथल्या माहितीपुस्तिकेत हे शेवटच्या पानावर असतं. वळवाच्या दिवसांत महावितरणची वीज संध्याकाळी चारदा ये-जा करते. आपण ते पहिल्या पानावरचं समजायचं आणि 'ऑफ' करून ठेवायचं.

चोरीबद्दल इतकं लिहिलं, पण मला खरी धास्ती आहे ती बंद होणाऱ्या गेटची. 2024 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या बोपखेलमध्ये खेळणाऱ्या एका चिमुरडीच्या अंगावर सरकतं लोखंडी गेट पडलं आणि ती दगावली. ते गेट हाताने लावलं जात होतं, तिथे ना मोटार होती ना अलेक्सा. सरकत्या गेटला टोकाला भक्कम स्टॉपर आणि वर आधाराचे रोलर नसतील तर ते रुळाबाहेर जाऊन कोसळतं. असल्या गेटला मोटार लावायची आणि वर ती न बघता, माडीवरून, आवाजाने चालवायची, हा शुद्ध अविचार आहे. मोटारवाला येण्याआधी फॅब्रिकेशनवाल्याला बोलवा. रूळ सरळ आहे का, चाकं झिजली आहेत का, हाताने एका बोटाच्या जोरावर गेट सरकतं का, हे आधी.

अमेरिकेत 1993 पासून गॅरेजच्या नव्या मोटारींना दाराच्या दोन बाजूंना प्रकाशाचे सेन्सर किंवा तशीच दुसरी सोय सक्तीची आहे. मध्ये मूल, कुत्रं, सायकल आली की बंद होणारं दार उलट फिरतं. आणि कोणी समोर नसताना दुरून दार बंद करायचं असेल तर आधी भोंगा वाजून दिवा लुकलुकलाच पाहिजे. आपल्याकडे हाच फोटोसेल कोटेशनमध्ये 'ऑप्शनल' या शब्दापुढे लिहिलेला असतो, आणि घासाघीस सुरू झाली की पहिली काट त्यावरच बसते. माझं मत विचाराल तर फोटोसेल आणि लुकलुकता दिवा नसेल तर आवाजाची सोय बसवूच नये. अलेक्साचा नियम, उघडायला पिन आणि बंद करायला मोकळीक, हा चोरांचा विचार करून केलेला आहे. लहान मुलाच्या बाजूने बघितलं तर तो नेमका उलटा हवा.

भाषेचं म्हणाल तर अलेक्सा 2019 पासून हिंदी बोलते, मराठी अजून नाही. गूगल असिस्टंटला फोनवर 2018 पासून मराठी कळतं. त्यामुळे घरोघरी आजी 'अलेक्सा, गेट खोलो' म्हणताना ऐकू येतात, आणि काम होतं. अलेक्साच्या 'रूटीन'मध्ये, म्हणजे ठरलेल्या वाक्यावर ठरलेलं काम करायच्या सोयीत, आपल्याला हवं ते वाक्य घालता येतं. तिथे फाटकाला 'गेट' असं नाव देऊ नका, एखादं आडवळणाचं द्या. खिडकीतल्या माणसासाठी तेवढीच एक पायरी वाढते.

आता हुकूम जातो कुठून, तेही बघून घ्या. तुम्ही हॉलमध्ये बोललात की आवाज ॲमेझॉनच्या किंवा गूगलच्या सर्व्हरवर जातो, तिथून रिले बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, तिथून तुमच्या राउटरमार्गे तीस फुटांवरच्या फाटकाकडे. कुंभमेळ्याच्या तयारीत रस्ते खणले जात असताना फायबरवर कुदळ पडली की फाटक मुकं होतं. कंपनीचं मन बदललं तरी होतं. चेंबरलेन या अमेरिकेतल्या मोठ्या गॅरेज कंपनीने 2023 मध्ये आपल्या 'मायक्यू' सेवेचा गूगल असिस्टंटशी असलेला संबंध तोडला आणि त्याच वर्षी होम असिस्टंटसारख्या बाहेरच्या सॉफ्टवेअरचीही वाट बंद केली. लोकांची दारं तीच, मोटारी त्याच, पैसे भरून झालेले. आवाज तेवढा ऐकू येईनासा झाला. घरच्या घरी, इंटरनेटशिवाय चालणारी यंत्रणा शक्य असेल तर ती घ्यावी, नसेल तर रिमोट चालू ठेवावा.

कारण खरं सांगायचं तर गाडीतून रिमोटच बरा पडतो. बटण दाबलं, गेट हललं. आवाजाचा उपयोग गाडीवाल्यापेक्षा घरातल्या माणसाला जास्त आहे: गुडघे धरलेल्या आजीला, कणकेच्या हातांनी उभ्या असलेल्याला, बाळ मांडीवर झोपलेल्याला. दुपारी कुरिअरवाला आला, समोरच्या कॅमेऱ्यात तो दिसतोय, तर त्याच्यासाठी बारा फुटी लोखंड सरकवायचं तरी कशाला? जुन्या नाशकातल्या वाड्यांना मोठ्या दारात दिंडी दरवाजा असायचा. माणसाने त्यातून वाकून जायचं, मोठं दार गरजेपुरतंच उघडायचं. मोटारीच्या गेटलाही असं छोटं दार ठेवून त्याला विजेचं कुलूप लावता येतं, आणि आवाजावर चालवायचंच असेल तर ते चालवावं, अर्थात पिन विचारणारं. त्याने कोणी चिरडत नाही. गेटमध्येच छोटं दार असेल तर एक काळजी घ्या: ते उघडं असताना मोटार चालू होता कामा नये, त्यासाठी त्याच्या चौकटीत स्विच बसवून तो बोर्डाच्या 'स्टॉप' टर्मिनलला जोडून घ्या.

पुढच्या आठवड्यात दारावरचा कॅमेरा आणि त्याचं रेकॉर्डिंग नक्की कुणाकडे जातं, ते बघू. तोवर ज्यांच्या घरी गेटची मोटार आधीच आहे त्यांनी एक करावं. मोटारीच्या अंगावर एक छोटं झाकण असतं, त्यात किल्ली फिरवली की मोटार गेटपासून सुटते आणि गेट हाताने सरकतं. ती किल्ली कुठे आहे ते आज शोधा, घरातल्या प्रत्येकाकडून एकदा फिरवून घ्या, आणि ती गेटच्या आत, हाताशी येईल अशा जागी टांगून ठेवा.